दाढी वेगळी, डोकं वेगळं

काजबाईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस त्या गल्लीत एकही नव्हतं. आसपासच्या चार शिंप्यांकडून शर्ट, कोट, शाळेचे गणवेश तिच्याकडे यायचे आणि ती त्यांना हातानं काजं करून बटणं लावून द्यायची. दोरा मेणावरून ओढायचा, दुहेरी करायचा आणि टाक्याला टाका चिकटवत काजाची कड बांधत जायची. आज तिची सत्तरी कधीच उलटून गेलीय. सुईचं भोक तर सोडाच, सुईही दिसत नाही. पण जुन्या दिवसांचा विषय निघाला की घट्टा पडलेला अंगठा आपोआप तर्जनीवर घासायला लागतो, आणि ती सलूनच्या गोष्टी सांगायला लागते.

सलून तिच्या नवऱ्याचं, घराच्याच पुढच्या खोलीत. काय थाट होता तेव्हा त्या खोलीचा! दोन फिरत्या खुर्च्या, समोरासमोर दोन मोठे आरसे. त्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोक्याची मागची बाजू फुकटात बघायला मिळायची आणि टक्कल पडायला लागलेली माणसं तोंड पाडून घरी जायची. तुरटीचा, साबणाच्या फेसाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास दारातूनच यायचा. मागच्या खोलीत खिडकीपाशी काजबाईची बैठक. मध्ये एक पडदा. पडद्याआडून नुसत्या कात्रीच्या आवाजावरून ती सांगायची की खुर्चीत राठ केसांचा पोस्टमन बसलाय की मऊ केसांचा मास्तर. दिवसभर तिकडे कात्री, इकडे सुई. असा संसार आता कुठं बघायला मिळणार, असं ती म्हणते, आणि तेही खरंच आहे.

सलूनवाला तिसऱ्या पिढीतला. बापानं त्याला दोन नियम घालून दिले होते. पहिला, गिऱ्हाईक यायच्या आधी स्वतःची दाढी गुळगुळीत झालीच पाहिजे, मग सण असो, सुतक असो. ज्याच्या स्वतःच्या गालावर खुंट, त्याच्या हाती लोक आपला गळा कशाला देतील? दुसरा, दुसऱ्याच्या दुकानातल्या खुर्चीत आपण कधी बसायचं नाही. पंधराव्या वर्षी पहिली लव आली त्या दिवसापासून सलूनवाला पहाटे अंधारात उठून, दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली स्वतःची दाढी करत आला होता. त्याच्या गालावर एका दिवसापेक्षा जास्त वाढलेला केस गल्लीत कुणी बघितला नव्हता. बायकोनंही नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. चार महिने डोक्यावर नावाला केस नव्हते. पाचव्या महिन्यात आले, आणि आले ते तांबडेलाल! उन्हात धरलं की पोरीचं डोकं नव्या तांब्याच्या तारेसारखं चमकायचं. आईचे केस काळेभोर, बापाचे काळेभोर, आजीचे पिकण्याआधी काळेभोर. गल्लीनं पोरीचं नाव तांबी ठेवलं आणि आईकडे तिरक्या नजरेनं बघायला सुरुवात केली.

आता लाल केसांचा माणूस त्या भागात एकच. कोपऱ्यावरचा चष्मेवाला. काजबाई त्याच्याकडे दोनदा गेली होती, डोळे तपासायला. तशी तर अख्खी गल्ली जायची, कारण दुसरा चष्मेवाला नव्हताच. शिवाय त्याच्या डोक्यावर उरले होते मोजून अठरा केस. पण लोकांना तेवढेही पुरले. शेजारची बेकरीवाली रोज सकाळी पाव देताना गोड आवाजात विचारायची, "कुणावर गेली गं पोर?" रोज! एकदा विचारलं, दोनदा विचारलं, ठीक आहे. ही बया नऊ वर्षं विचारत होती. बिचाऱ्या चष्मेवाल्यानं सलूनकडे येणं सोडलं, तर लोक म्हणाले, बघा, तोंड चुकवतोय.

नवऱ्याला तिनं एकदाच विचारलं. "लोक काय बोलतात ते ऐकता ना तुम्ही?"

"लोकांची डोकी मी रोज हातात घेतो," वस्तऱ्याला धार लावत तो म्हणाला, "आत काही नसतं." आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

तिला हसू आलं आणि बरंही वाटलं. माणूस भला होता, शंका घेणारा नव्हता. पण बोलणं हे गिऱ्हाइकांचं काम, आपलं नाही, अशी त्याची पक्की समजूत. बायकोच्या बाजूनं चार शब्द बाहेर जाऊन सुनवावेत, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

खरं दुखणं घरात होतं. सासूबाई. त्यांनी वाईट शब्द कधी काढला नाही हो, उगाच खोटं कशाला बोला. नातीला दूध द्यायच्या, झोपवायच्या, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. फक्त तिच्या डोक्याला हात लावायच्या नाहीत. वेणी घालायची वेळ आली की म्हणायच्या, "तुझ्या मुलीची वेणी तूच घाल." तुझ्या मुलीची! आणि बाहेरचं कुणी विचारलं की पदर सावरून म्हणायच्या, "मी काय सांगणार बाई?" या चार शब्दांनी जे नुकसान केलं ते बेकरीवालीच्या नऊ वर्षांच्या चौकशीनंही केलं नसेल. काजबाईला एकच गोष्ट हवी होती. सासूबाईंनी एकदा, चारचौघांत, 'ही माझी नात' म्हणावं. बस्स. त्यासाठी तिनं त्यांचं सगळं केलं, पाय चेपले, शब्द खाली पडू दिला नाही, आवाज चढवला नाही.

तांबी मात्र वाढत होती. दहा मिनिटं उन्हात गेली की नाक सोलपटायचं, गालांवर तपकिरी ठिपक्यांची रांगोळी उठायची. दात काढायला नेली तर बधिर करायचं इंजेक्शन दोनदा द्यावं लागलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, असतं काहींचं असं, आणि लाल केसांच्या लोकांत जरा जास्तच बघितलंय. काजबाईनं ते कानाआड केलं. लाल केसांबद्दल कुणी काही म्हणालं की तिचे कान आपोआप बंद व्हायचे.

तांबी नऊ वर्षांची असताना सलूनवाला दुकानाची पाटी पुसायला स्टुलावर चढला आणि धाडकन खाली आला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डाव्या हातानं वस्तरा धरून स्वतःच्या गळ्याशी नेण्याइतका तो वेडा नव्हता. दुसऱ्याच्या दुकानात जायचं नाही, बापाचा नियम. काजबाई म्हणाली, "मी करते दाढी. हात स्थिर आहे माझा."

"काजं पाडायचीत का माझ्या गालाला?" तो घाबरून म्हणाला.

झालं. दाढी वाढायला लागली. पहिले दोन आठवडे तो तोंड लपवून आतच बसला. खिडकीपाशी कापडांचे ढीग आणि अर्धवट उजेड. काजबाईला वाटलं, खुंट जरा मळकट दिसताहेत. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून तो सकाळच्या उन्हात दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. बेकरीवाली पावांचा ट्रे डोक्यावर घेऊन जात होती. ती थांबली, दोन पावलं मागं आली, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

"अगंबाई! ही तर पोरीच्याच केसांची दाढी!"

कानशिलापर्यंत काळेभोर केस, आणि तिथून खाली तांबडीलाल दाढी. मध्ये जणू कुणी पट्टी ठेवून रेघ मारली होती. पाच मिनिटांत चाळीस माणसं जमली. तांबी शाळेला निघाली होती, तिला दप्तरासकट पायरीवर बसवून गालाला गाल लावून बघण्यात आलं. चष्मेवाला भिंग घेऊन धावत आला, बाप-लेकीचा एकेक केस वाकून तपासला आणि रडवेला होऊन म्हणाला, "नऊ वर्षं मी लांबच्या रस्त्यानं घरी जातोय हो!"

काजबाई पडद्यातून बाहेर आली. हातात सुई तशीच. "तुम्हाला माहीत होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काय?"

"दाढी तांबडी आहे ते!"

"थोडी तांबूस आहे, हे माहीत होतं की. रोज फेसात दिसते." तो खरोखरच गोंधळला होता. "पण त्याचं काय? दाढी वेगळी, डोकं वेगळं."

आता यावर काय बोलणार? सलूनच्या दरपत्रकात दाढी वेगळी, कटिंग वेगळं. दाढीचा टॉवेल वेगळा, डोक्याचा वेगळा. डोक्याचा केस म्हणजे कापायची, वळवायची, मिरवायची गोष्ट. दाढीचा केस म्हणजे फेसाबरोबर कागदावर पुसून टाकायची घाण. नऊ वर्षं हा माणूस दररोज पहाटे बायकोच्या निर्दोषपणाचा पुरावा वस्तऱ्यानं खरवडून टाकत होता, आणि त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. काजबाई पोट धरून हसली, हसता हसता रडली, आणि मग चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण त्या सकाळी गर्दीतून वाट काढत सासूबाई पुढं आल्या. मुलाच्या हनुवटीला हात लावला, नातीला मांडीवर ओढलं. "आमच्या घराण्याचेच केस हे!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ह्यांचीही दाढी अश्शीच निघाली होती, टायफॉइडात महिनाभर पडून होते तेव्हा. माझी नात आहे गं ती, माझी नात!" आणि तिथंच पायरीवर बसून त्यांनी तांबीची वेणी सोडली, बोटांनी केस विंचरले आणि पुन्हा घातली. काजबाईचा जीव भांड्यात पडला. नऊ वर्षं जे ऐकायचं होतं ते चारचौघांत काय, चाळीस जणांत ऐकायला मिळालं होतं.

संध्याकाळी एका कोटाचं शेवटचं काज घेऊन ती खिडकीपाशी बसली, आणि सुई बोटात घुसली. टायफॉइड? मामंजींना टायफॉइड झाला होता तो त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी. नवरा तेव्हा जन्मलाही नव्हता. म्हणजे सासूबाईंनी ती दाढी बघितली होती. पोर झाली, केस आले, गल्ली बोलली, आणि त्या सगळ्या काळात त्यांना हे माहीत होतं! त्या काही सलूनमध्ये वाढलेल्या नव्हत्या, दाढी वेगळी नि डोकं वेगळं म्हणायला. मग गप्प का राहिल्या?

तिथल्या तिथं उठून विचारायला हवं होतं. ती उठलीही. पण आतल्या खोलीत तांबी आजीच्या पुढ्यात बसली होती. आजी तिच्या डोक्याला तेल लावत होती, आणि पोरीनं मांजरासारखे डोळे मिटून घेतले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा. काजबाई परत येऊन बसली आणि तोंडाला कुलूप लावलं.

ते कुलूप अकरा वर्षं टिकलं. सलूनवाल्याचं प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यानं आधी दाढी केली. बायकोनं हातातून वस्तरा काढून घ्यायचा बाकी ठेवला होता, पण नियम तो नियम. तांबी आजीची लाडकी झाली. शाळेत बक्षीस मिळालं की आधी आजी, भांडण झालं की आधी आजी. आणि कुणी केसांचं कौतुक केलं की सासूबाई मान वर करून म्हणायच्या, "आमच्या घराण्याचे." काजबाई आतून ऐकायची. दोष होता तोवर सगळा हिचा, आणि कौतुक आलं तर हिचा काडीचाही वाटा नाही! चीड यायची. पण त्याहून जास्त ते 'का' आतून कुरतडत राहायचं.

तांबी वीस वर्षांची झाली, जीवशास्त्र शिकायला दुसऱ्या गावी राहायला गेली. एका सुट्टीत घरी आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. सासूबाई तेव्हा खाटेला खिळल्या होत्या, ती खाट काजबाईच्या खिडकीशेजारीच होती. पडद्यापलीकडे कात्री चालू होती.

"आई, माझ्या केसांचं सगळं कळलं मला! ऐक. केसाच्या मुळाशी रंग करणाऱ्या पेशी असतात. त्यांना दोन रंग करता येतात, एक काळा-तपकिरी, एक तांबडा-पिवळा. शरीर त्यांना निरोप धाडतं, काळा करा, काळा करा. तो निरोप ज्या जनुकाच्या जोरावर ऐकू येतो, ते जनुक वेगळं असलं की पेशीला नीट ऐकूच येत नाही. मग ती आपली तांबडाच रंग करत बसते."

"म्हणजे तुझ्या बाबांसारखं," काजबाई म्हणाली. "एवढ्या हाका मारल्या तरी ऐकू येत नाही."

"बाबांच्यात तसलं एकच आहे! जनुकं जोडीनं येतात गं. एक आईकडून, एक वडिलांकडून." तिनं आईच्या मांडीवरचा दोरा उचलला. "हा तुझा दुहेरी दोरा. दोन पदर. त्यातला एक जरी नीट असला तरी डोक्याचे केस काळे. दुसरा पदर मग कधी दाढीत डोकावतो, कधी नुसते ठिपके उठवतो, कधी काहीच नाही. माझ्यासारखे केस यायला दोन्ही पदर तसले लागतात. नुसतं बाबांचं असून भागलंच नसतं. तुझ्यातही आहे, आई. तुझ्या नाकावर उन्हाळ्यात ठिपके येतात ना? तुम्हा दोघांच्या पोटी चारात एकाला असे केस यायची शक्यता होती, आणि मी आले."

काजबाईची सुई थांबली. "माझ्यात? कुणाकडून आलं?"

"तुझ्या आईकडून, नाहीतर वडिलांकडून. आता कसं कळणार? दहा-दहा पिढ्या गुपचूप चालत येतं ते."

काजबाईला तिची आई आठवली. लवकर गेलेली. लेकीच्या नाकावरचे ठिपके लिंबानं घासघासून घालवायला बघणारी. तिच्याकडून काही आपल्याकडे आलं असेल, आणि आपल्याकडून ते या पोरीत उतरलं असेल, असं कधी तिच्या मनातही आलं नव्हतं. "चहा टाक जा," ती एवढंच म्हणाली, आणि तांबी स्वयंपाकघरात गेली.

खोलीत दोघीच उरल्या. सासूबाई छताकडे बघत होत्या. काजबाईनं सुई कापडात खोचली.

"सासूबाई, तुम्हाला माहीत होतं ना?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"केस आले त्या दिवशीच कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "उन्हात तिचं डोकं बघितलं आणि ह्यांची ती दाढीच आठवली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आलीस आणि तो दुकान मिटलं की आधी तुझ्याकडं यायला लागला. मी हाक मारली तरी ऐकायचा नाही. तू हसायचीस मोठ्यानं, तो हसायचा. मग लोक बोलायला लागले आणि तुझं हसणं बंद झालं. माझ्या मागं मागं राहायला लागलीस, माझं सगळं ऐकायला लागलीस." त्यांनी डोळे मिटले. "मला बरं वाटलं गं. म्हटलं, उद्या सांगू. मग एवढे दिवस झाले की सांगायची लाज वाटायला लागली. आणि पोरीच्या केसांना हात लावायचा धीर होईना. हात लावला असता तर तोंडातून निघून गेलं असतं."

काजबाईला वाटलं होतं, उत्तर मिळालं की आपण ओरडू. नऊ वर्षं! पाव घेताना खाली घातलेली मान, पोरीला शाळेत चिडवलेलं, रडत घरी आलेली ती, सगळं ओठांवर आलं होतं.

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिला सांगणार आहेस?"

तेवढ्यात तांबी तीन कप घेऊन आलीच. आजीच्या उशाशी बसली, बशीत चहा ओतून फुंकर घालायला लागली. "काय गं, काय चाललं होतं दोघींचं? आजीचे डोळे का भरलेत?"

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. त्या नजरेत एवढी भीती काजबाईनं कधी बघितली नव्हती. आणि त्या म्हाताऱ्या तोंडाशी बशी धरून बसलेल्या आपल्या लेकीकडेही तिनं बघितलं.

"काही नाही," काजबाई म्हणाली. "आजी म्हणतायत, तुझे केस आईवर गेलेत, माझ्यावर."

"अर्धे गं, आजी! आत्ताच सांगितलं ना, अर्धे आईचे, अर्धे बाबांचे."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण पडद्यापलीकडे खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल एवढा मोठा होता. "आईवरच गेलेत."

कात्री थांबली. काजबाई मांडीवरचा कोट तोंडाशी धरून मोकळेपणी रडली, आणि तांबीला काही केल्या कळेना की एवढ्याशा गोष्टीत रडण्यासारखं काय आहे.